कुर्त्सआर्बाइट लागलंय, वर सही करून पैसे घेऊन जा म्हणतायत, काय करू?

कोथरूड_ते_नेकार

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे (नाव नको), काम डिझेल इंजेक्शनच्या टेस्टिंगचं, म्हणजे नेमकं जे कुणाला नकोय ते. ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) आलो, बायको आणि ३ वर्षांची मुलगी सोबत आहे. गेल्या आठवड्यात सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून आमच्या विभागाला कुर्त्सआर्बाइट, म्हणजे नोकरी तीच पण तास कमी, आठवड्याला अडीच दिवसच काम. इथवर ठीक होतं, पण दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंनी एकट्याला बोलावून एक कागद पुढे केला, आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवायची, ४ महिन्यांचा पगार आबफिंडुंग (नोकरी सोडण्याची भरपाई) म्हणून मिळणार आणि महिनाअखेरच्या आत सही केली तर वर ५ हजार युरो टर्बो बोनस. टर्बो! टर्बोचार्जरवाल्या लोकांना टर्बो बोनस, काय बोलणार.

पुण्यातला मेव्हणा म्हणतो पैसे घे आणि दुसरी नोकरी बघ, तुझ्यासारख्यांना काय तोटा. बायको म्हणते सही करू नका. मला खरंच कळत नाहीये. ब्लू कार्डाचं काय होणार, अर्ध्या कामात घरभाडं निघणार का, आणि काम नसताना इथलं सरकार पगार देतं ते नक्की कसं? कुणी यातून गेलंय का?

इझारकाठचा_बंड्या

सही करू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण आधी हे.

मी म्युनिकला १४ वर्षं आहे, २०२० मध्ये ७ महिने कुर्त्सआर्बाइट काढलंय, त्यामुळे अनुभवाचे बोल. पैशाचं असं की जेवढं काम कमी झालं तेवढाच पगार कमी होतो आणि जो निव्वळ पगार बुडाला त्याचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के मिळतात. गोल आकड्यात सांगतो, समज हातात ३५०० येत होते, आता अर्ध्या कामाचे २००० येतील (अर्धे नाही, कारण पगार कमी झाला की टॅक्सही कमी), बुडाले १५००, त्याचे ६७ टक्के म्हणजे १००५, एकूण ३००५. पाचशे कमी पडतात, रडू येत नाही. तुला अर्ज वगैरे करायचा नाही, कंपनी पगारातच देते आणि नंतर आर्बाइट्सआगेन्टूरकडून (सरकारी रोजगार कचेरी) वसूल करते. पेन्शनचा हप्ताही बंद पडत नाही, बुडालेल्या पगाराच्या ८० टक्क्यांवर कंपनी भरत राहते.

एक खड्डा मात्र लक्षात ठेव, मी पडलोय त्यात. हे पैसे करमुक्त असतात पण टॅक्सचा दर ठरवताना मोजतात, वर्षाला ४१० युरोच्या वर गेले की रिटर्न भरणं सक्तीचं, आणि पुढच्या वर्षी फिनान्झआम्टाचं (टॅक्स ऑफिस) पत्र येतं की इतके इतके भरा. मला आलं तेव्हा आम्ही नवीन सोफा घेऊन बसलो होतो अक्षरशः. तेव्हा थोडे बाजूला काढून ठेव.

आता दोन प्रश्नांची उत्तरं दे, मग पुढे बोलतो. कंपनीत लागून नक्की किती महिने झाले? आणि जर्मनचं बी १ (मधल्या पातळीची भाषेची परीक्षा) झालंय का?

पिंपळे_सौदागर_क्यूए

भाऊ इथे पुण्यात आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता मीटिंगचं आमंत्रण येतं, ६.१० ला लॅपटॉप लॉक, ६.१५ ला ग्रुपमधून बाहेर. आणि तुमच्याकडे अडीच दिवस काम, बाकीचं सरकार देणार, वर हा विचारतोय काय करू?? 😂 जर्मनीचे लोक टॅक्स भरून भरून कंटाळत नाहीत का, कंपनी चालत नाही म्हणून सगळ्यांनी का भरायचं?

इझारकाठचा_बंड्या

@पिंपळे_सौदागर_क्यूए, अरे राजा हा टॅक्स नाही, विमा आहे. पगाराच्या २.६ टक्के बेकारी विम्यात जातात, अर्धे कामगाराचे अर्धे कंपनीचे, आणि त्याच डबक्यातून हे पैसे निघतात. म्हणजे याने आजवर भरलंय, आता याची पाळी. डबकं आटलं की सरकारला ओतावं लागतं हे खरं, करोनात तेच झालं, एप्रिल २०२० मध्ये जवळपास ६० लाख माणसं कुर्त्सआर्बाइटवर होती.

आणि हिशोब फक्त दयेचा नाही. २००९ ला जर्मनीचं उत्पादन ५ टक्क्यांच्या वर आपटलं, निर्यात कोसळली, पण बेकारी जेमतेम हलली. कंपन्यांनी माणसं धरून ठेवली आणि २०१० ला ऑर्डरी परत आल्या तेव्हा मशीनवर तोच जुना फिटर उभा होता, नवीन शोधून शिकवायला वर्ष गेलं नाही. ते बघून २०२० मध्ये युरोपियन युनियनने शुअर नावाची १०० अब्ज युरोपर्यंत कर्जाची योजना काढली, १९ देशांनी त्यातून अशाच योजना चालवल्या. स्पेनमध्ये एर्ते, फ्रान्समध्ये अंशतः काम, नावं वेगळी, घोडा तोच.

तुझं लॅपटॉप लॉकचं मात्र वाईट वाटलं रे, खरंच.

गिरणगावची_लेक

बंड्याचं सगळं बरोबर आहे पण थोडं पाणी घालते. मी बेल्जियममध्ये गेंटला असते, कापडाचंच शहर, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात कायम असतो.

कुर्त्सआर्बाइट हा पूल आहे. पूल उपयोगाचा कधी, तर पलीकडे काठ असेल तर. २००९ ला काठ होता, ऑर्डरी परत येणार हे माहीत होतं. २०२० लाही होता, साथ संपणार होती. आज डिझेल इंजेक्शनला कुठला काठ आहे? फोल्क्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला त्यात २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी होणार, सक्तीने कुणाला काढायचं नाही, पण जागा जाणारच. ती गाडी परत येणार नाहीये. आणि अशा वेळी माणसं अर्ध्या कामावर धरून ठेवणं म्हणजे त्यांची ऐन उमेदीची दोन वर्षं वाट बघण्यात घालवणं, ज्या कंपन्यांना माणसं हवीयत त्यांच्याकडे ती पोचतच नाहीत. ही टीका इथले अर्थशास्त्रवाले बरीच वर्षं करतायत आणि मला ती पटते, जरी मी युनियनवाल्या घरातली असले तरी.

जर्मन सरकारलाही हे कळलंय, म्हणून एप्रिल २०२४ पासून क्वालिफित्सीरुंग्सगेल्ड सुरू केलंय. पैसे तेवढेच, ६० किंवा ६७ टक्के, पण घरी बसायचं नाही, १२० तासांपेक्षा मोठा कोर्स करायचा, कोर्सचा खर्च कंपनीचा, आणि त्याच कंपनीत दुसऱ्या कामावर जायचं. अट अशी की कंपनीतल्या किमान २० टक्के लोकांचं काम बदलत असलं पाहिजे (लहान कंपनीत १० टक्के) आणि युनियन किंवा बेट्रीब्सराटशी (कंपनीतल्या कामगारांनी निवडलेली समिती) लेखी करार हवा. कोथरूडकर, तुमच्या बेट्रीब्सराटला हे विचारा, नुसतं कुर्त्सआर्बाइटवर समाधान मानू नका. अडीच दिवस रिकामे मिळतायत तर बॅटरी टेस्टिंग शिका.

अवांतर: माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संपलाय असं कुणी कधी सांगितलंच नाही. बाबा पुढची दोन वर्षं पाळीच्या वेळेला उठायचे. आईने खानावळ चालवली म्हणून आम्ही शिकलो. विमा नाही, कोर्स नाही, कागद नाही. त्यामुळे इथले लोक कुर्त्सआर्बाइटवर कुरकुरतात तेव्हा मी गप्प बसते, आणि वर जे लिहिलं ते लिहितानाही जरा अपराधी वाटतं.

ओडेन्सेची_माई

आमच्या डेन्मार्कचं उलटं आहे बघा. इथे काढून टाकणं सोपं. कुर्त्सआर्बाइट वगैरे भानगडीत कंपनी फारशी पडत नाही, काम नाही तर नोटीस, ऑफिसातल्या माणसाला किती वर्षं झाली त्यावर १ ते ६ महिन्यांची, आणि टाटा. इथल्या लोकांना त्याचं काही वाटतही नाही, कारण पुढे दोन वर्षं आ-कासे (बेकारी विम्याची संस्था) पैसे देते, आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत म्हणतात. पण वर झाकण आहे, महिन्याला साधारण २० हजार क्रोनरचं, त्यामुळे इंजिनिअरच्या पगाराला ९० टक्के हे फक्त ऐकायला. पूर्वी चार वर्षं मिळायचे, २०१० ला दोन केली. आणि घरी बसून नाही हं, सीव्ही टाका, मीटिंगला या, अर्ज केल्याची नोंद दाखवा. फ्लेक्सिक्युरिटी म्हणतात त्याला, युरोपभर भाषणांत कौतुक असतं.

भाषणात एक गोष्ट सांगत नाहीत, ती मी सांगते. आ-कासे ऐच्छिक आहे. जर्मनीत पगारातून आपोआप कापतात, इथे तुम्ही स्वतः जाऊन सभासद व्हायचं आणि वर्षभर हप्ता भरलेला पाहिजे, तरच पैसे. आमचे हे म्हणाले कशाला महिन्याला ५०० क्रोनर घालवायचे, आपली नोकरी पक्की आहे. २०२३ ला नोकरी गेली तेव्हा आ-कासेकडून शून्य. माझ्या पगारावर ८ महिने काढले आणि त्या ८ महिन्यांत मी एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. (दोनदा म्हटलं.)

इथे कायद्याने किमान वेतनसुद्धा नाही बरं का, सगळं युनियन आणि मालक मिळून ठरवतात. युरोपियन युनियनने २०२२ ला किमान वेतनाचा नियम आणला तर डेन्मार्क तो रद्द करा म्हणून कोर्टात गेला, कामगारांच्या बाजूचा नियम आणि विरोध करणाऱ्यांत डॅनिश युनियनही! नोव्हेंबर २०२५ ला निकाल आला, दोन तुकडे उडवले, बाकी नियम ठेवला.

बर्लिनचा_पेडलवाला

तुमचं सगळं वाचून छान वाटलं पण हे सगळं करारवाल्यांचं झालं. मी मास्टर्स करतोय, मूळचा लातूरचा, आणि वर्षभर एका ॲपसाठी जेवण पोचवलं. ॲपवर नाव वेगळं, पगार देणारा वेगळाच, मधला एक ठेकेदार, अर्धे पैसे बँकेत अर्धे रोख, आणि थंडीत गुडघा सुजला म्हणून चार दिवस गेलो नाही तर ॲपमध्ये लॉगिनच बंद. कुणाला विचारायचं? माणूसच नाही, चॅटवर बॉट. किमान वेतन यंदा १३.९० युरो आहे हे मलाही माहीत आहे, पण ऑर्डरची वाट बघत उभं राहिलेला तास त्यात धरायचा की नाही हे ॲप ठरवतं. विम्याचा हप्ता कुणी भरलाच नाही तर बंड्यादादांचं डबकं माझ्या काय कामाचं.

गिरणगावची_लेक

@बर्लिनचा_पेडलवाला, या बाबतीत थोडी हालचाल आहे. स्पेनच्या सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगितलं की रायडर हा नोकरच, २०२१ ला तिथे कायदा झाला. आणि २०२४ ला युरोपियन युनियनने प्लॅटफॉर्म कामाचा नियम केलाय, त्यात दोन गोष्टी मोठ्या आहेत. ॲप तुमच्यावर हुकूम चालवतंय असं दिसलं तर तुम्ही नोकर असंच आधी धरायचं, नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि खातं बंद करायचा निर्णय एकट्या मशीनने घ्यायचा नाही, माणूस हवा. देशांना २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापले कायदे करायचेत. पण जोवर जर्मनीचा कायदा होत नाही तोवर तुमच्या हातात तो नियम म्हणजे नुसता कागद आहे, खोटी आशा दाखवत नाही. तोवर रोज किती वाजता लॉगिन, किती वाजता बंद, याचे स्क्रीनशॉट ठेवा. ठेकेदाराचं नाव पत्ता लिहून ठेवा. आणि रोख पैसे घेऊ नका रे बाळा, त्यात अडकतोस तू, तो नाही.

कोथरूड_ते_नेकार

बापरे एवढी उत्तरं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, बायकोने पण वाचली, ती माईंच्या कंसावर हसली आणि माझ्याकडे बघितलं.

बंड्यादादा, कंपनीत आणि ब्लू कार्डवर एकच वेळ, या महिनाअखेर १९ महिने पूर्ण होतात. बी १ ची परीक्षा दिलेली नाही, क्लास चालू आहे, पुढच्या महिन्यात बसायचा विचार होता पण या गडबडीत रद्द करणार होतो. का विचारताय?

इझारकाठचा_बंड्या

रद्द करणार होतास!! अरे बाबा. ऐक आता नीट.

ब्लू कार्डवाल्याला बी १ असेल तर २१ महिन्यांच्या नोकरीवर कायम राहायचं पक्कं कार्ड, नीडरलासुंग्सएरलाउबनिस, मागता येतं. बी १ नसेल, नुसतं ए १ (सगळ्यात खालची पातळी) असेल तर २७ महिने. तू १९ वर उभा आहेस. म्हणजे दोन महिने आणि एक परीक्षा. कुर्त्सआर्बाइटच्या काळात तुझा करार चालू, पेन्शनचे हप्ते चालू, नोकरी चालूच धरतात आणि करारातला पगारही तोच राहतो, त्यामुळे ब्लू कार्डाला सहसा धक्का लागत नाही, तरी आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी लोकांचं ऑफिस) मेल टाकून लेखी उत्तर मागून ठेव, त्यांचं उत्तर येईपर्यंत तुझे २१ महिने होतीलच 😄

आता सही केलीस तर काय होतं बघ. एक, स्वतःच्या सहीने नोकरी सोडली म्हणून आगेन्टूर श्पेर्रत्साइट लावू शकते, १२ आठवडे बेकारी भत्त्याचा एक पैसा नाही, आणि ते आठवडे पुढे ढकलले जात नाहीत, तुझ्या एकूण हक्कातून कापले जातात. आबफिंडुंग नोकरीच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार या हिशोबात असेल आणि कंपनी नाहीतर काढणारच होती असं लेखी असेल तर सुटका होते, पण तुझ्या दीड वर्षाला ४ महिने म्हणजे त्या मापाच्या बरंच वर आहे. इतके पैसे का देतायत याचा विचार कर. दोन, बेकारी भत्ता किती महिने मिळतो हे किती हप्ते भरले त्यावर आहे. १२ महिन्यांना ६, १६ ला ८, २० ला १०, २४ ला १२. तू १९ वर म्हणजे ८, पुढच्या महिन्यात तेच १० होतात. तीन, आणि हे सगळ्यात वाईट. युरोपच्या नियमात ब्लू कार्डवाल्याला नोकरी गेली की नवीन शोधायला किमान ३ महिने, कार्डाला दोन वर्षं झाली असतील तर ६. म्हणजे विम्याने ८ महिन्यांचे पैसे द्यायचे आणि देशाने तीनच महिने राहायची खात्री द्यायची. हप्ते भरताना आपण त्यांच्यासारखेच, घेताना पाहुणे. प्रत्यक्षात बरीच ऑफिसं जास्त वेळ देतात, पण ते त्या टेबलामागच्या माणसावर.

उद्या उठून त्यांनी खरंच नोटीस दिली तरी घाबरू नकोस. ६ महिने झाल्यावर आणि १० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कारण द्यावं लागतं आणि कुणाला आधी काढायचं याची निवड नोकरीची वर्षं, वय, पोरंबाळं आणि अपंगत्व यावर करावी लागते. तू नवीन आणि तरुण, तिथे तुझे गुण कमी, मुलीमुळे थोडे वाढतात. नोटीस हातात पडल्यापासून ३ आठवड्यांच्या आत लेबर कोर्टात जायचं, एक दिवस उशीर झाला तर संपलं. आणि ३ दिवसांच्या आत आगेन्टूरला कळवायचं की नोकरी शोधतोय, नाहीतर एक आठवड्याची कापणी. तेव्हा भत्ता मोजताना जुना पूर्ण पगारच धरतात, कुर्त्सआर्बाइटचा कमी झालेला नाही, ती काळजी सोड.

आज युनियनचा सभासद हो. पगाराच्या १ टक्का जातो, पण लेबर कोर्टात पहिल्या पायरीवर जिंकलास तरी वकील तुझ्याच खिशातून, आणि युनियनचा वकील मिळायला ३ महिने सभासद असावं लागतं. म्हणून आज.

पिंपळे_सौदागर_क्यूए

मी वरती खवचटपणा केला तो मागे घेतो. हे तर कंपनीच्या कोडपेक्षा अवघड आहे, एक तारीख चुकली की सगळं पडतं 😐

एक विचारू का, मग ते आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ ला त्याच बाडेन-व्युर्टेमबर्गशी (स्टुटगार्टचं राज्य) करार केला ना, १० हजार पोरांना जर्मन शिकवून पाठवणार म्हणून? एकीकडे हा इंजिनिअर अडीच दिवसांवर आणि दुसरीकडे पोरं मागवतायत. कुठे तरी काही तरी चुकतंय का?

ओडेन्सेची_माई

चुकत नाहीये, ती पोरं वेगळ्या कामाला. नर्सिंग, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर. म्हाताऱ्यांचा देश आहे, डायपर बदलायला माणूस हवा, डिझेल तपासायला नको. फक्त जाणाऱ्या पोरांना वरचं बंड्याचं उत्तर छापून द्या म्हणावं, जर्मनच्या पुस्तकाबरोबर.

कोथरूड_ते_नेकार

शेवटची खबर देतो. एचआरच्या बाईंना सांगितलं की घरी दाखवतो, वेळ हवाय. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या टर्बो बोनस मात्र महिनाअखेरपर्यंतच हं. बुधवारी बेट्रीब्सराटच्या माणसाची वेळ मिळालीय, क्वालिफित्सीरुंग्सगेल्डचं विचारणार आहे, लेकताईंचा निरोप जसाच्या तसा. आज दुपारी युनियनचा फॉर्म भरला. बी १ ची जागा पण मिळाली, पुढच्या महिन्यात २३ तारखेला. वाचन लेखन जमेल, ऐकण्याच्या भागाची मात्र धास्ती आहे, ऑफिसात दीड वर्षात अर्धंही कळलेलं नाही. कुणाकडे टिप्स?

इझारकाठचा_बंड्या

तुझ्या ऑफिसात श्वेबिश (तिकडची बोली) बोलतात रे, ते बर्लिनवाल्यांनाही कळत नाही. परीक्षेत साधं जर्मन असतं. रोज सकाळी बातम्या लाव, स्वयंपाक करता करता. अडीच दिवस मोकळाच आहेस.